नक्कल घेतल्याशिवाय तिथून उठू नका



मागच्या महिन्यात आपल्या एका ताईसोबत जिल्हा ग्राहक आयोगात गेले होते. ताईने गटातून कर्ज काढून मिरची कांडपाचं मशीन घेतलं. तीन आठवड्यांत मोटर जळाली. दुकानदार दुरुस्तीही करेना नि पैसेही देईना. एसटीत ताई विचारत होती, "मॅडम, आज निकाल लागेल ना?" तिथं गेलो तर दुकानदाराच्या वकिलाने लेखी उत्तर दाखल केलं आणि पुढची तारीख पडली. ताई बाहेर येऊन चिडली. "खोटं बोलणाऱ्याला कशाला एवढी मुदत?"

मलाही आधी तिचंच पटलं. पण बघा, उद्या कुणी आपल्या गटाच्या पापडांबद्दल तक्रार केली आणि आपलं न ऐकताच निकाल दिला तर? हप्ता थकलेल्या बाईला न विचारता आपण दंड लावतो का? (लावतो कधीकधी, आणि मग वर्षभर अबोला!)

म्हणून समोरच्याला संधी मिळते. पण तिलाही मर्यादा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं, आयोगाने वाढवून दिलेच तर आणखी १५ दिवस. त्यानंतर लेखी उत्तर चालत नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ही ४५ दिवसांची मर्यादा सक्तीची असल्याचं सांगितलं. त्यामुळे नोटीस कधी पोचली ती तारीख वहीत लिहून ठेवा.

आणि तेवढीच संधी आपल्यालाही असते. ताई तशीच निघाली होती. मी म्हटलं, थांबा, उत्तराची नक्कल मागू. मिळाली. इंग्रजीत होती, बसस्टँडवर बसून मी वाचून दाखवली. दुसऱ्या पानावर लिहिलेलं, 'मशीन धंद्यासाठी घेतलं, म्हणून ही बाई ग्राहकच नाही.' नक्कल घेतली नसती तर याला उत्तरच गेलं नसतं! कायदा म्हणतो, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर घेणारा ग्राहकच. ताई स्वतः कांडप करते, घरात मजूर नाही. तेच आता शपथपत्रात लिहितोय, सोबत पावती आणि गटाच्या कर्जाची नोंद.

तारखेला मात्र जायचंच. समोरचा आला नाही तर त्याच्याशिवाय निकाल लागू शकतो, तसंच आपण गेलो नाही तर आपली तक्रार निकाली निघू शकते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पण दोन वर्षांच्या आत.

निघताना तो वकील म्हणाला, "लोकअदालतीत मिटवू, अर्धे पैसे घ्या." मिटवणं वाईट नाही. पण लोकअदालतीत सही झाली की त्यावर अपील नाही. कागद पूर्ण वाचून घ्या, पटला नाही तर सही करू नका, केस पुढे चालते. सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन १५१००.

ताईने अर्ध्याला नकार दिलाय. पुढच्या तारखेला गटातल्या दोघी सोबत येणार आहेत, जळालेल्या मोटरचे फोटो घेऊन.