‘फक्त नेट आणि वर्ड’साठी घेतलेला लॅपटॉप

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशांची धावपळ संपली, की लॅपटॉपच्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. “मुलीला फक्त नेट आणि वर्डसाठी हवाय. गेम वगैरे काही नाही. छोटासा, हलका, स्वस्तातला कुठलाही दाखवा.” विक्रेता अकरा इंची, किलोभर वजनाचा लॅपटॉप काउंटरवर ठेवतो, ‘लाइट यूज’ला एकदम बेस्ट म्हणतो, आणि व्यवहार होतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्या लॅपटॉपवर एक पान उघडायला इतका वेळ लागू लागतो, की मुलगी पुन्हा फोनवरच असाइनमेंट लिहायला लागते. मग घरात एकमत होतं: छोटे लॅपटॉप टाकाऊच असतात.

यात दोन गैरसमज एकात एक गुंतलेत. छोटा लॅपटॉप टाकाऊ असतो हा दुसरा. त्याचं मूळ पहिल्यात आहे: नेट वापरणं म्हणजे हलकं काम. हा समज इतका पक्का बसलाय, की शिकलेसवरलेले लोक, शाळा-कॉलेजांतले शिक्षक आणि खुद्द लॅपटॉप विकणारेही तो न तपासता पुढे ढकलत राहतात. दरवर्षी हजारो घरांचे पंधरा-वीस हजार रुपये त्यात अडकतात.

नेट हे एकेकाळी खरोखर हलकं काम होतं. ऑक्टोबर २००७मध्ये आसुस कंपनीने ‘ई-पीसी ७०१’ बाजारात आणला. सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी साठवण, वजन किलोच्या आत आणि आत लिनक्स. तेव्हाची वेबपानं म्हणजे मुख्यतः मजकूर आणि चित्रं. तेवढं तो नीट पेलायचा. पाठोपाठ इंटेलने २००८मध्ये ‘अॅटम’ प्रोसेसर आणला आणि ‘नेटबुक’ची लाट आली. ग्राहकांना विंडोज हवं होतं, म्हणून मायक्रोसॉफ्टने अशा स्वस्त यंत्रांसाठी एक्सपीचं आयुष्य मुद्दाम वाढवलं. पुढे विंडोज ७ची ‘स्टार्टर’ नावाची आवृत्ती दिली, जिच्यात साधा वॉलपेपरही बदलता येत नसे. यंत्रं १ जीबी रॅमवर रेंगाळली आणि इंटरनेट पुढे निघून गेलं. २०१२ संपता संपता आसुस आणि एसर या दोन मोठ्या कंपन्यांनी नेटबुक बनवणं थांबवलं. टॅब्लेटने त्यांचा बाजार खाल्ला हे खरंच, पण नेटसाठीच्या यंत्रावर नेटच नीट चालेनासं झालं होतं, हेही तितकंच खरं.

आज काय होतं ते डोळ्यांनी बघता येतं. ४ जीबी रॅमचा विंडोज ११वाला लॅपटॉप सुरू करून, काहीही न उघडता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबावं. टास्क मॅनेजर उघडतो. ‘मेमरी’च्या रकान्यात निम्म्याहून जास्त रॅम आधीच गेलेली दिसते, ती विंडोजने स्वतःसाठी घेतलेली असते. थोडी रॅम ग्राफिक्ससाठी बाजूला काढलेली असते, कारण या यंत्रांत ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते. आता ब्राउझर उघडून जीमेल, यूट्यूबवरचं एक व्याख्यान, कॉलेजचं पोर्टल आणि गूगल डॉक्समधलं असाइनमेंट असे चार टॅब लावावेत. एकटं जीमेल काहीशे एमबी घेतं. मेमरीचा आकडा नव्वदीपार जातो आणि शेजारचा ‘डिस्क’चा रकाना शंभर टक्क्यांवर जाऊन बसतो.

हा दुसरा रकाना खरा गुन्हेगार दाखवतो. रॅम पुरेनाशी झाली, की विंडोज तिच्यातला काही भाग साठवणीत नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. साठवण वेगवान असेल तर हे फारसं जाणवत नाही. पण स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा ‘ईएमएमसी’ नावाची चिप असते, फोनसाठी विकसित झालेली. तिचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला ४०० एमबी. आजच्या साध्या एनव्हीएमई एसएसडीचा तीन हजारांच्या घरात. शिवाय ईएमएमसी एका वेळी एक तर वाचते किंवा लिहिते, दोन्ही एकदम करत नाही. त्यामुळे रॅम भरल्यावर सगळं काम या अरुंद दारातून जाऊ लागतं आणि टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला वेळ घेतं. मुलगी ‘नेट स्लो आहे’ म्हणते, वडील वायफायचा प्लॅन वाढवतात. नेटचा त्यात काडीचाही दोष नसतो.

ब्राउझर एवढी मेमरी का खातो, याचं उत्तर गूगलनेच दिलेलं आहे. क्रोम पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या टॅबसाठी वेगवेगळ्या प्रक्रिया चालवत आला, म्हणजे एक टॅब कोसळला तरी बाकीचे टिकतात. २०१८मध्ये प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ ही त्रुटी उघड झाली. एका संकेतस्थळाने दुसऱ्याची माहिती चोरू नये म्हणून त्याच वर्षी क्रोमच्या ६७व्या आवृत्तीत प्रत्येक संकेतस्थळ स्वतंत्र प्रक्रियेत बंदिस्त केलं गेलं. या सुरक्षेसाठी साधारण १० ते १३ टक्के मेमरी जास्त लागते, असं गूगलने तेव्हाच जाहीर केलं होतं. बँकेचं पान आणि भलतंच पान शेजारी-शेजारी उघडता येतं ते या सोयीमुळे. ती बंद करून वेग मिळवावा असं कुणीही शहाणा सांगणार नाही. त्यात आता टीम्ससारखी वरून स्वतंत्र दिसणारी अॅपही आतून ब्राउझरच्याच इंजिनावर चालतात. थोडक्यात, ‘फक्त नेट’ म्हणणारा माणूस आपल्या यंत्राकडून आजच्या जड घरगुती कामांपैकी एक मागत असतो.

“पण मायक्रोसॉफ्टच ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण पुरेशी म्हणते ना?” मायक्रोसॉफ्ट ती किमान अट म्हणते. त्याचा अर्थ एवढाच, की त्याहून कमी असेल तर विंडोज ११ बसणार नाही. या अटींच्या त्याच पानावर, पुढे अपडेटसाठी जास्त जागा लागू शकते असंही लिहिलेलं आहे. ते वाक्य दुकानात कुणी वाचून दाखवत नाही. ६४ जीबीचे विंडोजच्या हिशेबाने होतात साधारण साठ. त्यातून विंडोज, ऑफिस आणि रिकव्हरीची जागा गेली, अपडेटसाठी सुमारे ७ जीबी राखून ठेवण्याची सोय २०१९पासून आहे ती धरली, की हातात उरतं ते फोनपेक्षाही कमी. जागा पुरली नाही की अपडेट अडतं, मग विंडोज स्वतःच बाहेरचा पेनड्राइव्ह लावायला सांगतं.

म्हणून छोटा, स्वस्त लॅपटॉप घ्यायचाच नाही का? जरूर घ्यावा. बहुतेक वाद इथेच चुकीच्या जागी लढला जातो: लोक इंच आणि किंमत यांवर भांडतात, खरा फरक रॅम आणि साठवणीत असतो. त्याच अकरा ते चौदा इंची आकारात ८ जीबी रॅम, २५६ जीबीची खरी एसएसडी आणि इंटेलचा ‘एन१००’ असलेला लॅपटॉप कॉलेजचं काम वर्षानुवर्षं नीट करू शकतो. जानेवारी २०२३मध्ये आलेला एन१०० हा चार गाभ्यांचा (कोअर), सहा वॉटचा प्रोसेसर आहे. त्याच्या शेजारी त्याच किमतीच्या आसपास अजूनही विकला जातो तो सेलेरॉन एन४०२०: २०१९चा, दोनच गाभे. दोन्ही डब्यांवर ‘इंटेल’ लिहिलेलं असतं आणि दोन्ही सहा वॉटचे. फरक मात्र पहिल्याच व्हिडिओ मीटिंगमध्ये कळतो. यूट्यूब हळूहळू वापरू लागलेलं ‘एव्ही१’ हे व्हिडिओचं स्वरूप एन१०० हार्डवेअरमध्ये उलगडतो. एन४०२०ला ते प्रोसेसर राबवून करावं लागतं.

छोटं यंत्र आणि त्याच्या मापाची प्रणाली यांची जोडी जमली की काय होतं, याचं एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. निकोलस निग्रोपॉन्टी यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ उपक्रमाचा भारतातला प्रयोग २००७मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावच्या शाळेत सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या ‘एक्सओ’ लॅपटॉपचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी. पडदा मात्र भर उन्हात वाचता येणारा. शंभर डॉलरमध्ये लॅपटॉप देण्याचं स्वप्न दोनशे डॉलरच्या जवळ गेलं आणि प्रकल्पावर टीका भरपूर झाली. पण त्यावरची ‘शुगर’ ही प्रणाली तेवढ्याच रॅमसाठी लिहिलेली होती. आज विंडोज त्याच न्यायाने कुणी कापून-बेतून देत नाही.

२०२३चा जिओबुक याच दृष्टीने पाहायला हवा. १६,४९९ रुपये, ९९० ग्रॅम, मीडियाटेकचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि जिओची स्वतःची प्रणाली. लहान मुलाच्या अभ्यासाला, व्हिडिओ बघायला तो ठीक. पण त्यावर विंडोजचं टॅली किंवा श्रीलिपी चालणार नाही, क्रोमबुकवरही नाही. मराठी डीटीपी शिकणाऱ्या किंवा वडिलांच्या दुकानाचे हिशेब सांभाळणाऱ्या मुलासाठी घेताना हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा.

बाकीचे समज झटपट. ‘रॅम नंतर वाढवू’: या आकाराच्या बहुतेक यंत्रांत ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, जी घ्याल तीच शेवटपर्यंत. ‘जागा कमी पडली तर मेमरी कार्ड टाकू’: फोटो ठेवायला चालेल, विंडोज त्यावर जात नाही आणि कार्ड ईएमएमसीहूनही हळू असतं. ‘जितके गिगाहर्ट्झ जास्त, तितका वेग जास्त’: २००४चा पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झचा होता आणि ११५ वॉट खायचा, ३.४ गिगाहर्ट्झचा, सहा वॉटचा एन१०० त्याला सहज मागे टाकतो. ‘पंखा नाही म्हणजे जळणार’: जळत नाही, गरम झाला की स्वतःचा वेग कमी करतो. ‘क्रोमबुक नेटशिवाय डबडं’: डॉक्स ऑफलाइन चालतं, अँड्रॉइड अॅपही, २०२१नंतरच्या मॉडेलांना गूगल दहा वर्षं अपडेट देतं, पण ती दहा वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही खरेदी केल्यापासून नाही. ‘क्लीनर अॅप टाकलं की फास्ट होतो’: होत नाही, आणखी एक प्रक्रिया रॅम खात बसते.

बॅटरीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ‘दहा तास’ हा आकडा जवळपास प्रत्येक जाहिरातीत असतो. तो बहुधा पडदा मंद ठेवून एकच व्हिडिओ चालवून काढलेला असतो. त्याऐवजी तपशिलात वॉट-तास शोधावेत. ३८ वॉट-तासांची बॅटरी आणि पडदा, वायफाय धरून सरासरी सहा-सात वॉटचा वापर, म्हणजे साडेपाच-सहा तास. कॉलेजचा दिवस त्यात बसतो की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. अनोळखी ब्रँडचा लॅपटॉप ऑनलाइन दिसला तर आणखी एक पाहणी: भारतात लॅपटॉपला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. तळाशी छापलेला ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला, की ती खरी आहे का ते कळतं.

शेवटचा समज असा, की जुना लॅपटॉप घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांतून निघालेले साडेबारा इंची थिंकपॅड आणि लॅटिट्यूड लॅपटॉप रांगेने मांडलेले असतात. ते मुळात महागडे होते, कीबोर्ड दणकट आहेत, एसएसडी खरी आहे. त्यांच्याशी तुलना केली, तर नवीन ४ जीबीवाला लॅपटॉप घेणं तोट्याचंच ठरतं. फक्त पिढी बघावी: विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीच्या इंटेलपासून पुढे चालतं आणि विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे थिंकपॅड एक्स२८० चालेल, एक्स२७० नको. मात्र एक्स२८०ची रॅम सोल्डर केलेली असते, तेव्हा ८ किंवा १६ जीबीचाच मागावा. लॅटिट्यूड ७२९०मध्ये रॅम बदलता येते. दुकानदाराला काउंटरवरच बॅटरी रिपोर्ट काढायला सांगावं; कमांड प्रॉम्प्टमधून तो काही सेकंदांत निघतो. त्यातली ‘फुल चार्ज कपॅसिटी’ ‘डिझाइन कपॅसिटी’च्या निम्म्यावर आली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागावेत.