सव्वीसच्या चाकाला नवा टायर

दुकानात जाऊन नुसता ‘सव्वीसचा टायर’ मागितला, तर मुरलेला सायकलवाला आधी विचारतो, ‘कुठल्या सायकलचा?’ कारण २६ × १.९५ असा दशांशात लिहिलेला टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो, २६ × १-१/२ हा ५८४च्या आणि २६ × १-३/८ हा ५९०च्या. नावाने तिन्ही सव्वीस, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

यातला ५५९चा, म्हणजे आपल्या ‘रेंजर’चा. नव्वदीच्या दशकातली हीरो रेंजर इतकी पसरली, की सरळ हँडल आणि गुटगुटीत टायर असलेली कुठल्याही कंपनीची सायकल मराठवाड्यात रेंजरच झाली. हे चाक मात्र तिच्याहून कितीतरी जुनं. श्विन कंपनीने १९३३मध्ये अमेरिकेत सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचे फुगीर टायर आणले. पुढे कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरांनी असे टायर असलेल्या जुन्या धुड सायकलींवरून डोंगर उतरायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ला तिथे पहिली ‘रिपॅक’ शर्यत झाली. उतारावर मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जाई आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावं लागे, म्हणून हे नाव. त्या पोरांपैकी जो ब्रीझ याने १९७७मध्ये डोंगरासाठीच म्हणून सायकल बांधली तीही याच मापाच्या चाकांवर, आणि स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर बाजारात आली तीही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत मोठ्या कंपन्यांनी हे माप जवळपास सोडलं. आधी २९ इंची आलं, मग २७.५. (हे २७.५ म्हणजे वर सांगितलेलं ५८४च. जुनंच चाक नव्या आकड्याने विकायला सायकलधंद्याला कधी लाज वाटली नाही.) पण परदेशातल्या हौशी लोकांनी जुन्या सायकली सांभाळल्या आणि त्यांच्यासाठी नवे टायर निघाले. सिएटलच्या रेने हर्स कंपनीचा ‘रॅट ट्रॅप पास’ हा २६ × २.३ टायर त्यातला नावाजलेला: गोट्या नाहीत, बाजू पातळ आणि लवचीक, हवा कमी भरून चालवायचा. टायरची बाजू सहज वाकली, की खडबडीत रस्त्याचे धक्के टायरच गिळतो आणि पायांची ताकद कमी वाया जाते, हे त्यामागचं शास्त्र. ते पटण्यासारखं आहे.

पण तोच टायर धाराशिवात आणला तर? बालाघाटाच्या या पठाराचा रस्त्यांशी जुना झगडा आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे आपलं तेर, येतं. तिथला माल रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला जाई, अशी त्यात नोंद आहे. १९७२च्या दुष्काळात माणसांनी खडी फोडून रस्ते केले. आता तुळजापूर-सोलापूर महामार्ग गुळगुळीत आहे, पण शेताची वाट तीच, मुरमाची किंवा काळ्या मातीची. मुरमावर रुंद आणि मऊ टायर उत्तम चालतो. पावसात काळी माती मात्र गोट्यांच्या फटीत बसते, मडगार्डात अडकते आणि चाक जाम होतं. म्हणून गोट्या हव्या असतील तर विरळ हव्यात. रेंजरवर सर्रास येणाऱ्या दाट गोट्या डांबरावर नुसत्या गुणगुणतात आणि चिखलात लगेच भरतात, म्हणजे दोन्हीकडे निकामी.

शिवाय सराटा. याच्या फळाचं कुठलंही तोंड खाली असलं, तरी एखादा काटा वर राहतोच. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेत हीच वनस्पती ‘गोटहेड’ नावाने सायकलवाल्यांच्या शिव्या खाते. बाभूळ आणि येडी बाभूळ आहेतच. पातळ बाजूंचा महाग टायर इथे आठवडाभर टिकेल, असं मला वाटत नाही. ट्यूबलेस करून आत भोकं बुजवणारा चीक भरणं हा तिकडचा उपाय. पण रेंजरच्या जोड असलेल्या लोखंडी रिमला आऱ्यांची भोकं असतात आणि तिच्यात हवा धरून ठेवणं कठीण. उन्हाने बाजूंना चिरा पडतात ते वेगळंच. वर्षभर हवा न भरता पडवीत टांगलेल्या सायकलीचा टायर न वापरताही जातो.

म्हणजे इथे हवा असलेला टायर असा: मधे सलग पट्टी, कडेला विरळ गोट्या, पट्टीखाली काटारोधक थर आणि रुंदी दोन इंचांच्या आत, कारण रेंजरच्या फोर्कमध्ये आणि मडगार्डात त्याहून जागा नसते. यात अवघड काही नाही. सायकल टायरसाठी आयएस २४१४ हे भारतीय मानक आहे, लुधियानात कारखाने आहेत, रबर केरळात पिकतं. अडचण गिऱ्हाइकाची आहे. जुनी रेंजर वापरणारा माणूस हौशी संग्राहक नाही. तो दूध घालतो, शेतावर जातो, आणि टायर फाटला तर आधी आतून गेटर, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, टाकून घेतो. काट्यासाठीही त्याचा उपाय ठरलेला आहे: निकामी ट्यूब उभी कापून टायरच्या आत अंथरायची. पेडल जड होतं, पण सराट्याचा काटा बहुधा तिथेच अडतो.