लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू निघाले, म्हणून अँटिबायोटिक हवंच का?

नानी आठवडाभर हॉस्पिटलात आहे. लघवीसाठी नळी लावलीय. सकाळी पिशवीतली लघवी गढूळ दिसते, वासही येतो. मुलगा सिस्टरला बोलावतो. सिस्टर नमुना लॅबला पाठवते, दोन दिवसांनी रिपोर्ट येतो, जंतू आहेत! लगेच सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू. नानीला ताप नव्हता, जळजळ नव्हती, पोटही दुखत नव्हतं.

असं आपल्यापैकी बऱ्याच घरांत घडलं असेल. आपल्याला वाटतं, बरं झालं, वेळेत लक्षात आलं. खरं तर अशा वेळी औषधाची गरज बहुतेकदा नसतेच.

कारण लघवीत जंतू असणं आणि लघवीचा संसर्ग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हातारपणी, मधुमेह असलेल्या बायकांमध्ये आणि नळी लावलेल्या पेशंटमध्ये जंतू काही त्रास न देता राहतात. नळी महिनाभर राहिली तर जवळपास प्रत्येकाच्याच लघवीत ते सापडतात. नुसत्या गढूळपणावरून किंवा वासावरून संसर्ग ठरत नाही. ताप, थंडी वाजणं, ओटीपोटात किंवा कमरेच्या बाजूला दुखणं, नळी नसेल तर लघवी करताना जळजळ, अशी लक्षणं बघावी लागतात.

मग डॉक्टर औषध का देतात? लाल अक्षरांतला रिपोर्ट हातात आल्यावर तो बाजूला ठेवायला धीर लागतो. रात्रपाळीच्या ज्युनियर डॉक्टरला तर जास्तच. म्हणजे चूक औषध लिहिताना नाही, त्याच्या दोन दिवस आधी, विनाकारण नमुना पाठवताना होते. आणि ते बऱ्याचदा सिस्टर, वॉर्डातले ज्युनियर आणि आपण नातेवाईक मिळून ठरवतो.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात २०१० ते २०१३ या काळात नेमकं इथेच काम झालं. नवीन मशीन नाही, महागडं औषध नाही. नमुना कधी पाठवायचा आणि कधी नाही, हे सांगणारं एक खिशात मावणारं कार्ड स्टाफला दिलं. पहिला प्रश्न एकच, पेशंटला लक्षणं आहेत का? मग त्यांच्याच वॉर्डातल्या खऱ्या केसेस घेऊन, इथे औषध हवं होतं की नव्हतं, हे त्यांच्याशी बोलून दाखवलं. भाषण ऐकून माणूस विसरतो. स्वतःच्या पेशंटची केस विसरत नाही.

आधी दर १००० खाट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस दाखल म्हणजे एक खाट-दिवस) सुमारे ४१ नमुने जायचे. शिकवण्याच्या वर्षी ते २३ वर आले आणि पुढच्या वर्षी १२ वर. विनाकारण दिलेली अँटिबायोटिकंही निम्म्याहून कमी झाली. तुलनेसाठी घेतलेल्या सॅन अँटोनियोच्या हॉस्पिटलात, जिथे हे शिकवलं नव्हतं, अशी घट दिसली नाही.

आपल्याकडे प्रयत्न चालू नाहीत असं नाही. २०१८ मध्ये आयसीएमआरने हॉस्पिटलांसाठी अँटिबायोटिक जपून वापरण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना पत्र लिहून सांगितलं, की अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी, हेही चिठ्ठीवर लिहा. पण पत्रं डॉक्टरांना जातात. एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरला दहा मिनिटं बसवून हे कोण समजावतं? आमच्या मते खरी कमी तिथे आहे.

आणि थोडी आपल्यातही. "डॉक्टरसाहेब, काहीतरी स्ट्राँग द्या ना," हे आपणच म्हणतो. खाटेभोवती सहा-सात नातेवाईक उभे असताना "आता औषध नको, थोडं बघू" असं म्हणणं डॉक्टरला सोपं नसतं. पण नको असलेल्या औषधाने जुलाब लागतात, कधी जिवावर बेततील इतके. शिवाय अंगातले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, मग खरा संसर्ग झाला की तेच औषध चालत नाही.

तेव्हा नानीचा रिपोर्ट आला की भांडू नका, विचारा: "तिला लक्षणं कोणती आहेत? औषध कशासाठी आहे? नळी अजून हवीच आहे का?" तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि नळी जितकी लवकर निघेल तितका धोका कमी.

यात दोन अपवाद आहेत. गरोदर बाईच्या लघवीत जंतू निघाले तर त्रास नसला तरी उपचार लागतात, आणि मूत्रमार्गाचं काही ऑपरेशन असेल तर त्याआधीही. तिथे तपासणी टाळू नका. आणि चालू असलेलं औषध डॉक्टरांना न विचारता आपल्या मनाने बंद करू नका.