पुणतांब्याचे चितळकर आणि सॅक्सोफोन

संगीताचा विषय निघाला कीं, सुशिक्षित घरांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळींना अभिजात गायनापलीकडचें कांहीं रुचत नाहीं, आणि तरुण मंडळींना त्या गायनाशीं कर्तव्य नसतें. पनवेलच्या आमच्या घरींही हाच प्रकार असे. माजघरांतील रेडिओवर नाट्यपद लागलें तर आमचे तीर्थरूप झोपाळ्यावर बसून मान डोलवीत. परंतु 'अलबेला' चित्रपटांतील नाचाचें गाणें लागलें कीं, ते उठून खुंटी पिरगाळीत. आतां मौज अशी कीं, त्याच चित्रपटांतील अंगाई आमच्या मातोश्री धाकट्या भावंडास रोज म्हणत, व तीर्थरूप ती डोळे मिटून ऐकत. दोहींचा संगीतकार एकच, हें आम्हांस फार पुढें समजलें. तीर्थरूपांस तें ठाऊक होतें कीं नाहीं, हें विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं.

हा संगीतकार म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. चित्रपटसृष्टींत सी. रामचंद्र, गायक म्हणून नुसते चितळकर, आणि स्नेह्यांचे अण्णा. जन्म १२ जानेवारी १९१८, नगर जिल्ह्यांतील गोदाकांठच्या पुणतांबें गांवीं. त्यांची सुरांची पहिली ओळख सॅक्सोफोनानें नव्हे, तर ख्यालानें झाली. नागपुरास शंकरराव सप्रे आणि पुण्यास गांधर्व महाविद्यालयांत विनायकबुवा पटवर्धन, हे त्यांचे गुरु. पलुसकरी परंपरेची शिस्त किती कडक, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

मुलाला ओढ मात्र पडद्याची. १९३५ सालीं 'नागानंद' चित्रपटांत त्यांस नायकाची भूमिका मिळाली. हर्षकवीच्या नाटकाचें नांव धारण करूनही त्या चित्रपटानें नायकाचें भाग्य कांहीं उजळलें नाहीं. पुढें सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्यें 'सैद-ए-हवस' व 'आत्मतरंग' यांत किरकोळ कामें मिळालीं. नट म्हणून जम बसेना, तेव्हां ते तेथील बुंदूखां व हबीबखां या संगीतकारांच्या साथीस पेटीवर बसले. नायकाची खुर्ची गेली आणि पेटीपुढची बैठक आली. परंतु हीच बैठक त्यांची खरी पाठशाळा ठरली. संगीतकार म्हणून त्यांचे आरंभींचे चित्रपट मराठी नव्हेत, हिंदीही नव्हेत, ते तामिळ! १९४२ सालीं मास्टर भगवान यांच्या 'सुखी जीवन'नें त्यांस हिंदींत प्रवेश मिळाला. भगवान म्हणजे भगवान आबाजी पालव, हेही मराठीच.

याच सुमारास मुंबईंत एक निराळाच सूर घुमत होता. १९३५ सालीं लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलांत आला व जॅझ नांवाचें संगीत येथें रुजलें. तें उचललें गोमंतकीय ख्रिस्ती वादकांनीं. चर्चच्या शाळांतून त्यांस लहानपणींच पाश्चात्य स्वरलेखन शिकविलें जाई. मिकी कोरिया १९३९ पासून सुमारें वीस वर्षें ताजमधील वाद्यवृंदाचे नायक होते. ते स्वतः सॅक्सोफोन वाजवीत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांस त्यांच्या तुतारीमुळें हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. हे चिक चितळकरांचे साहाय्यक झाले. 'अलबेला'मध्यें ते व त्यांचे वादक पडद्यावरही दिसतात.

सॅक्सोफोनाविषयीं दोन शब्द. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्स यानें १८४६ सालीं पॅरिसला त्याचें पेटंट घेतलें. अंग पितळेचें, परंतु नाद निघतो तो मुखाशीं बसविलेल्या वेताच्या पातळ पत्तींतून. म्हणून पाश्चात्य त्याची गणना पितळी वाद्यांत न करतां लांकडी वाद्यांत करतात. आपल्या भरतमुनींच्या हिशेबानें तें सुषिर वाद्य. सनईचें दूरचें भावंडच. विलायती वेष पाहून आम्हीं त्यास परकें मानलें इतकेंच.

चितळकरांनीं बेनी गुडमन या अमेरिकन क्लॅरिनेटवादकाच्या तबकड्या कान देऊन ऐकल्या होत्या. सॅक्सोफोन, गिटार व तोंडानें वाजवावयाचा बाजा यांचा मेळ त्यांनीं हिंदी गाण्यांत घातला. १९४७ सालच्या 'शहनाई'तील रविवारच्या भेटीच्या गाण्यानें तर शीळही आणली, आणि तें त्यांनीं स्वतःही गाइलें. १९४९ च्या 'पतंगा'मधील रंगूनच्या दूरध्वनीचें गाणें शमशाद बेगमबरोबर त्यांचेंच. मग १९५१ सालीं 'अलबेला' आला. आणि दोनच वर्षांनीं 'अनारकली'मध्यें याच गृहस्थानें भीमपलासांत असें गाणें बांधलें कीं, सनातनी कानांनींही हार मानावी.

सर्वांनींच मानली असें मात्र नव्हे. १९५२ सालीं नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनीं चित्रपटगीतांस आकाशवाणीचीं दारें जवळजवळ बंद केलीं. हेतु शुद्ध होता, हें आम्ही मानतों. परिणाम काय झाला? श्रोते सिलोनकडे वळले, आणि १९५७ सालीं आकाशवाणीसच विविधभारती काढावी लागली. आमच्या तीर्थरूपांनीं खुंटी पिरगाळली म्हणून आम्हीही कांहीं त्या गाण्यांस विसरलों नाहीं. शेजारच्या ओटीवर जाऊन ऐकलीं.

इतकें कळूनही वळलें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. शिक्षक असतांना, स्नेहसंमेलनाच्या तालमीस एक विद्यार्थी तोंडाचा बाजा घेऊन आला. सूर त्याचा सच्चा होता. तरीही 'हें शाळेंत शोभत नाहीं' म्हणून आम्हीं त्यास परत धाडलें. पुन्हां तो बाजा घेऊन आला नाहीं. त्याला पुढें काय येणार होतें आणि काय नाहीं, हें ठरविणारे आम्ही कोण?

जॅझच्या नांवाखालीं नुसती नक्कलही पुष्कळ झाली, हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु चितळकर तरले ते पायाच्या बळावर. ख्यालाचें मूळ खोल गेलें होतें, म्हणून त्यावर परदेशचें कलम धरलें. आणि पुढें गदिमांच्या 'गीतगोपाळा'स त्याच हातांनीं चाली लागल्या. तेव्हां घरांतील मुलानें सॅक्सोफोन मागितला, तर वडील मंडळींनीं त्यास प्रथम षड्ज नीट लावावयास शिकवावें. मग वाद्य त्याच्या हातीं द्यावें, आणि खुंटीपासून आपला हात दूर ठेवावा.