साइन इन? आत्ता नको!

सोमवार सकाळ, सव्वादहा. कॉफीचा मग डाव्या हाताला, लॅपटॉप मांडीवर आणि बाराची डेडलाइन डोक्यावर. झाकण उघडलं की पहिला प्रश्न पासवर्डचा. तो दिला की क्लाउडची खिडकी, साइन इन करा म्हणून. ती घालवली की ब्राउझरचं सुरू, तुम्ही कोण? मग रेसिपीची साइट असो की नाटकाची तिकिटं, उजव्या कोपऱ्यात माझाच फोटो लावून ती पांढरी चौकट हजर. अरे, मी माझ्याच घरात, माझ्याच लॅपटॉपवर बसलेय. दर पाच मिनिटांनी आधार कार्ड दाखवू का?

तुमचंही असंच होतं ना? मी तर हे डासांसारखं मान्य करून टाकलं होतं. संध्याकाळ झाली की येणारच. दिसली खिडकी की फुली. फुली सापडली नाही तर पासवर्ड टाइप, एंटर, चला पुढे. वाचतंय कोण!

गेल्या पावसाळ्यात याच सवयीने मला कात्रजचा घाट दाखवला. रात्रीचा दीड वाजला होता. एका स्टोरीसाठी जुना रिपोर्ट शोधत होते. लिंकवर क्लिक केलं तर मधोमध लॉगिनची ओळखीची खिडकी. तोच लोगो, तेच निळं बटण. टाइप, एंटर. लगेच फोन थरथरला, ‘तुम्हीच साइन इन करताय का?’ अर्धवट झोपेत ‘हो’ दाबलं. पान नुसतं रिफ्रेश झालं, रिपोर्ट काही उघडला नाही. वैतागून झोपले.

सकाळी एका मासिकाच्या अकाउंट्समधल्या काकांचा फोन. ‘काय गं, बँक बदललीस? आणि नव्या खात्यावर नाव भलत्याचंच कसं?’

मी ताडकन उठून बसले. पहाटे तीन वाजता माझ्याच मेल आयडीवरून, माझ्या जुन्या बिलालाच उत्तर म्हणून, नवा खाते क्रमांक गेला होता. दोन महिन्यांचं मानधन होतं ते. फ्रीलान्सरच्या भाषेत सांगायचं तर घरभाडं, गॅस आणि आईला कबूल केलेली साडी. काकांनी विचारलं नसतं तर मी कोणाकडे भांडायला जाणार होते? मेल तर माझ्याच नावाने गेली होती.

पासवर्ड बदलला, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट केलं. रविवारी हिंजवडीत आयटीत असलेला मामेभाऊ आला. मला वाटलं, आता लेक्चर मिळणार. पण तो एवढंच म्हणाला, ‘ताई, तुझा लॅपटॉप दिवसातून किती वेळा विचारतो गं तुला?’ आम्ही मोजलं. जेवायच्या आधीच अकरा वेळा.

माणसाला या विचारण्याने इतकं दमवायचं की शेवटी तो ‘हो’ म्हणून मोकळा होतो. हॅकर्सना हे पक्कं ठाऊक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या सिस्टिममध्ये हॅकर शिरला तो असाच. त्यांच्या एका कॉन्ट्रॅक्टरचा पासवर्ड त्याच्या हाती लागला होता. परवानगीच्या रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा येत राहिल्या आणि त्या माणसाने अखेर एक मान्य केली. मे २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये नुसतं ‘हो’ पुरेसं ठेवलं नाही, स्क्रीनवर दिसणारा आकडा टाइप करायला लावला. का, ते मला आता वेगळं सांगायला नको.

म्हणून आम्ही फालतू विचारणारे आधी गप्प केले.

कोपऱ्यातली पांढरी चौकट ती साइट लावते, पण ती येऊ न देण्याचं बटण गूगलकडे आहे. आपल्या गूगल अकाउंटच्या ‘सिक्युरिटी’मध्ये बाहेरच्या अ‍ॅप्सशी जोडलेल्या कनेक्शन्सचा भाग आहे, तिथे ‘गूगल अकाउंट साइन-इन प्रॉम्प्ट्स’ हा स्विच बंद करायचा. अकाउंटमधून साइन आउट असलात तर मात्र तो स्विच कामाचा नाही. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथून ‘साइट सेटिंग्ज’, अगदी खाली ‘अ‍ॅडिशनल कन्टेंट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘थर्ड-पार्टी साइन-इन’. एवढं खोल कोण जातंय? तेवढ्यासाठीच तर ते खोल ठेवलेलं असावं, असा माझा संशय.

अपडेटनंतर अख्खा स्क्रीन अडवून ‘चला, तुमच्या पीसीचं सेटअप पूर्ण करू’ म्हणणारं प्रकरण विंडोज ११ मध्ये ‘सिस्टिम’, ‘नोटिफिकेशन्स’, तळाचं ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’ इथे सापडतं. तिथल्या टिक काढल्या की शांतता. लॅपटॉप सुरू होताच उगवणाऱ्या वनड्राइव्हसाठी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’मध्ये वनड्राइव्हवर राइट क्लिक, ‘डिसेबल’. फक्त आधी एक बघा, तुमचं डेस्कटॉप फोल्डर तिथे बॅकअपला लावलेलं नाही ना? असेल तर वनड्राइव्ह आपण होऊन सुरू होणार नाही आणि नव्या फाइल्सची कॉपी वर जायची थांबेल.

मला चेव चढला. म्हटलं, मायक्रोसॉफ्टचं खातंच काढून टाकू! खात्याने साइन इन करणं २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलं आणि आता विंडोज ११ होम सेट करताना ते खातं मागितलंच जातं. पण नंतर ‘अकाउंट्स’, ‘युवर इन्फो’मध्ये जाऊन लोकल अकाउंटवर येता येतं. भावाने हात धरला. ‘डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिची रिकव्हरी की त्याच खात्यात असते. आधी ती उतरवून घे.’ मी डायरीत लिहून घेतली, चक्क पेनाने.

झाकण उघडल्यावरचा पासवर्डही काढता येतो, ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये ‘नेव्हर’ निवडून. तो मात्र मी ठेवलाय. माझं अर्धं काम कॅफेत चालतं आणि वॉशरूमला जाताना लॅपटॉप टेबलावरच असतो. आता बोट टेकवलं की काम होतं. फोनवरची परवानगीही ठेवलीय. तिचा काय दोष? ‘हो’ तर मीच दाबलं होतं.

आणि त्या रात्रीची ती खिडकी? ती खिडकी नव्हतीच. पानाच्या आतच काढलेलं चित्र होतं. भावाने युक्ती शिकवली. ब्राउझर थोडा लहान करायचा आणि ती लॉगिनची खिडकी माउसने ओढून बाहेर न्यायची. खरी स्वतंत्र खिडकी सरळ डेस्कटॉपवर येते, पानावर काढलेली खोटी ब्राउझरच्या कडेला अडते. शिवाय पासवर्ड मॅनेजर वापरत असाल आणि तो नेहमीसारखा आपण होऊन पासवर्ड भरत नसेल, तर एंटर मारायच्या आधी वरचा पत्ता नीट वाचा.

आता आठवड्याला दोन-तीनदाच कोणीतरी विचारतं. त्यामुळे प्रत्येक खिडकी दिसते, वाचलीही जाते. गेल्या बुधवारी रात्री तशीच एक उगवली. ओढून बघितली. कडेला जाऊन अडली. टॅब बंद केला आणि दुसऱ्या साइटवर शोधायला लागले.

काका मात्र अजून बिल पास करण्याआधी दर महिन्याला फोन करतात.

‘खातं तेच ना गं?’

‘हो काका, तेच.’