वैतरणेपलीकडची पंगत

मेल्यावर ओलांडायची नदी आम्ही बोईसरकर मासिक पासावर ओलांडतो. वैतरणा स्थानक मागे पडलं की लोकल ९२ आणि ९३ क्रमांकाच्या पुलांवरून धडधडत जाते. डब्यातली एखादी म्हातारी हात जोडते, बाकीच्यांचं डोकं मोबाइलमध्ये. खाली खाडीच्या पाण्यानं वेढलेलं वाढीव बेट. तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं याच पुलांच्या कडेनं, जीव मुठीत धरून, स्टेशन गाठलं आहे. गावाकडचा पाहुणा पहिल्यांदा सोबत असला की मी त्याला इथं हलवून जागं करतो. मुंबई इथं संपते.

मी लातूरकडचा. बोईसरच्या एमआयडीसीत नोकरी लागली तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती एप्रिल २०१३ मध्ये आली. तोवर सगळी भिस्त शटलवर. समुद्र मी त्याआधी फक्त सिनेमात पाहिलेला. पहिल्या रविवारी खोलीतल्या ओडिया सोबत्यानं चिंचणीला नेलं. ओहोटी होती. पाणी इतकं आत गेलेलं की मी विचारलं, ‘समुद्र कुठाय?’ हा प्रश्न तो अजून चारचौघांत सांगतो.

बोईसरपासून दहा-बारा किलोमीटरवरचं चिंचणी डहाणू तालुक्यात, आणि खाडीपलीकडचं तारापूर पालघर तालुक्यात. नावं मात्र जोडीनंच घेतली जातात. सुरूच्या झाडांची रांग, तिच्यापुढे सपाट, काळसर वाळू. कोकणच्या पोस्टरवरचा निळाशार देखावा इथं मिळणार नाही, आणि तो शोधत आलेले तासाभरात परत जातात. गावाच्या आत दागिन्यांच्या डाया कोरणारे कारागीर आहेत. सोन्याच्या नक्षीचा साचा ते पोलादात उलटा कोरतात, त्यासाठी लागणारी नजर मला तरी अशक्य वाटते. किनाऱ्याला मांगेल्यांच्या होड्या, वाळत टाकलेले बोंबील, त्यांचा वास. पहिल्या वर्षी मी नाक दाबत असे. आता गावी गेलो की तोच वास आठवतो.

रविवारी संध्याकाळी सुरूखाली चटया पडतात. आमच्या इमारतीतलं बंगाली कुटुंब, कारखान्यातला मलयाळी फोरमन, जौनपूरचे दोघे भाऊ, शिवाय अणुकेंद्राच्या वसाहतीतली माणसं. भाषा सगळ्यांची मोडकी, डबे मात्र भरगच्च. थंडीत एक वाडवळ मित्र आपल्या वाडीतून उकडहंडी आणतो. मडक्यात वालाच्या कोवळ्या शेंगा, कोनफळ, रताळी, बटाटे, भरली वांगी. ओवा, मीठ आणि हिरवं वाटण सढळ हातानं. तोंड उग्र वासाच्या रानपाल्यानं घट्ट बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. भाजी आपल्याच वाफेत शिजते. मडकं उघडताना गप्पा थांबतात, तेवढ्यापुरत्या. बंगाली वहिनी म्हणतात, यात मासा हवा होता. मित्र दरवर्षी रागावतो, दरवर्षी त्यांना जास्त वाढतो.

अशी पंगत इथं नवी नाही. चिंचणीत राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला ताम्रपट सापडला, शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा. तेव्हा संजाण प्रांताचा कारभारी होता मधुमती. नाव संस्कृत वाटलं तरी माणूस ताजिक, म्हणजे अरबी मुलखाकडचा. मूळ नाव मोहम्मद. त्यानं दोन नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि संजाणला अन्नछत्र घातलं. तिथं साळीचा भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. एका ब्राह्मणानं बांधलेल्या देवीच्या मठिकेला जमिनीचं दान द्यायलाही त्यानं राजाची संमती मिळवली. बाहेरून आलेल्या माणसानं इथं नदी ओलांडायची आणि जेवायची सोय केली, याची ही अकराशे वर्षांपूर्वीची लेखी नोंद. तिचा एक फलकही किनाऱ्यावर नाही. आईस्क्रीमचे मात्र पुष्कळ आहेत.

पुढे पोर्तुगीज आले. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये घेतला, त्या हल्ल्यात त्यांचे सरदार बाजी भिवराव पडले. नंतर हा किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थाच्या कुटुंबाकडे आला. १९६०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकचे अमेरिकी अभियंते आले आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. ताडामाडांच्या या किनाऱ्यानं त्यांनाही सामावून घेतलं.

पण पंगतीत सगळ्यांना सारखं वाढलं गेलं, असं नाही. अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. बाहेरून आलेल्यांना वसाहत मिळाली आणि पिढ्यान्‌पिढ्या समुद्राला लागून राहणारे विस्थापित झाले. आमच्या कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं, त्याचे चटके मच्छीमारांना बसतात. माझा पगार त्याच कारखान्यांतून येतो, म्हणून हे लिहिताना मी स्वतःला बाजूला काढत नाही. आता उत्तरेला वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. विरोधही जुना आणि कडवा आहे. बंदर उभं राहिलं तर आणखी हजारो उपरे येतील, आम्ही आलो तसेच. त्यांना चटईवर जागा करून देऊ, पण इथल्या होड्यांची जागा कुणी मोजली आहे का, हे आधी विचारायला हवं.

येणार असाल तर डहाणू लोकलनं बोईसरला उतरा, पुढे एसटी किंवा रिक्षा. गाडीनं आलात तर ती सुरूच्या आतच ठेवा. वाळू टणक दिसते, म्हणून लोक खाली नेतात आणि भरतीत अडकवून बसतात. भरतीची वेळ कुठल्याही मांगेल्याला विचारा, मोबाइलपेक्षा ते बरं. आणि उकडहंडी खायची असेल तर थंडीत या, वालाच्या शेंगा असतात तेव्हा.