पिकते जपानात, विकते जगात!

पिकते तेथे विकत नाही, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. कोकणातल्या वाडीत ज्या हापुसाकडे कोणी ढुंकून पाहत नाही, तोच हापूस पेटीत बसून मुंबईच्या बाजारात आला की त्याचा भाव आकाशाला भिडतो. त्या भावातले बागाईतदाराच्या पदरात किती पडते, हे विचारण्याची मात्र आपल्याला सवय नसते. आमरस ओरपताना असले हिशेब सुचत नाहीत!

असाच एक न विचारलेला हिशेब आज आपल्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी मांडलेला असतो. पोरे जेवणाचे ताट पुढ्यात घेऊन डोरेमॉन नावाच्या निळ्या मांजराच्या गमती पाहत बसतात. थोरला कॉलेजकुमार आपल्या खोलीत राक्षसांशी लढणाऱ्या तरवारबहाद्दराची कथा मोबाइलवर पाहतो. आजोबांना हे सारे अमेरिकन खूळ वाटते. आजोबा, हे खूळ अमेरिकन नव्हे, अस्सल जपानी आहे. याचे नाव ‘ॲनिमे’. इंग्रजी ‘ॲनिमेशन’ या शब्दाचे शेपूट जपानी माणसाने तोडले आणि उरलेला शब्द साऱ्या जगाला परत विकला! पण ही विक्री वाटते तितकी सोपी झालेली नाही. परदेशच्या बाजारात या धंद्याने खाल्लेल्या ठोकरांची कहाणी त्याच्या चित्रांइतकीच रंगतदार आहे.

या कहाणीचा आद्य नायक म्हणजे ओसामु तेझुका. वैद्यकाची पदवी घेतलेला हा गृहस्थ नाडी पाहण्याऐवजी चित्रकथा काढीत बसला. १९६१ साली त्याने ‘मुशी प्रॉडक्शन’ ही संस्था काढली आणि १ जानेवारी १९६३ पासून फुजी टेलिव्हिजनवर त्याची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा हलत्या चित्रांचा खेळ म्हणजे हजारो चित्रांचा रगाडा. तेझुकाने काटकसरीची युक्ती काढली. पात्र बोलत असेल तेव्हा फक्त ओठ हलवायचे, बाकीचे चित्र जागच्या जागी; एकदा काढलेले आकाश दहा वेळा वापरायचे. तरीही वाहिनीने दिलेल्या किमतीत खर्च निघेना. घरच्या विक्रीत खोट, ती खेळण्यांच्या आणि परदेशच्या विक्रीतून भरून काढायची, असा हा व्यवहार होता. या धंद्याची कुंडली मांडली गेली ती अशी!

परदेशचे गिऱ्हाईक मिळाले, तेही लगेच. अमेरिकेच्या एन.बी.सी. कंपनीने पहिले ५२ भाग घेतले आणि १९६३ सालीच पोलादी बाहूंचा हा बालक ‘ॲस्ट्रो बॉय’ या नावाने अमेरिकन घरांत शिरला. परंतु गिऱ्हाईक आले की त्याच्या अटीही येतात. १९६५ साली तेझुकाने पांढऱ्या सिंहाच्या छाव्याची रंगीत मालिका काढली, तेव्हा अमेरिकनांचे म्हणणे पडले की भाग कोणत्याही क्रमाने दाखविता आले पाहिजेत. सबब छावा मोठा होता कामा नये. तेझुकाला तर त्या छाव्याचे बाळपण, तारुण्य, राज्य सारेच रंगवायचे होते. पुढच्या वर्षी त्याने थोरल्या सिंहाची दुसरी मालिका काढली. ती एन.बी.सी.ने घेतली नाही. १९७३ साली मुशी प्रॉडक्शनचे दिवाळे वाजले. नाव जगभर, आणि तिजोरीत खडखडाट!

पुढे व्यापाऱ्यांच्या हाती कात्रीही आली. हायाओ मियाझाकी या थोर दिग्दर्शकाचा ‘नाउसिका’ हा चित्रपट १९८४ सालचा. माणूस आणि निसर्ग यांच्या वैराची ती मोठी करुणगंभीर कथा. अमेरिकन वितरकाने १९८५ साली त्यातली वीस-बावीस मिनिटे छाटली, नाव बदलले आणि पोरांच्या मारामारीचा पट म्हणून तो विकला. मियाझाकीच्या मंडळींनी हा घाव कधी विसरला नाही. पुढे ‘प्रिन्सेस मोनोनोके’ अमेरिकेत जायचा झाला तेव्हा निर्माते तोशिओ सुझुकी यांनी तेथील वितरकाला एक जपानी तरवार भेट पाठविली आणि सोबत निरोप धाडला, की एकही कात्री चालणार नाही. निरोप मानला गेला. चित्रपट अखंड दाखविला गेला. पण जपानात १,९०० कोटींहून अधिक येन मिळविणाऱ्या त्या चित्रपटाला १९९९ साली साऱ्या अमेरिकेत जेमतेम २३ लाख डॉलर मिळाले. कापले तर जीव जातो, न कापले तर गिऱ्हाईक जाते, असा हा पेच.

ज्यांनी कापले आणि रंगविले त्यांची त्या वेळी चलती होती. १९९८ साली ‘पोकेमॉन’ अमेरिकेत गेला, तेव्हा त्यातल्या पात्रांच्या हातातील भाताच्या मुटक्यांना चक्क ‘डोनट’ म्हणण्यात आले. का, तर अमेरिकन पोराला भाताचा मुटका कळणार नाही! पोकेमॉनने पैशांचा पाऊस पाडला. तो पाहून अमेरिकेत ॲनिमे विकत घेण्याची झुंबड उडाली. हक्कांचे भाव वाढले, डीव्हीडींचे ढीग दुकानांत लागले. मग पाऊस थांबला. २००६ साली हा माल खपविणारी म्युझिकलँड ही दुकानांची मोठी साखळी दिवाळखोरीत गेली. २००७ साली जिनिऑनने अमेरिकेतला पसारा आवरला; २००९ साली सेंट्रल पार्क मीडिया बुडाली आणि एडीव्हीने आपली मालमत्ता विकून टाकली. २०११ साली, ज्यांनी मुटक्याचा डोनट केला त्या फोर-किड्स कंपनीनेही दिवाळखोरीसाठी अर्ज केला. एका पिढीचे व्यापारी पाच-सहा वर्षांत भुईसपाट झाले.

याचे कारण काय? महाग घेतलेला माल आणि आटत चाललेली दुकाने हे एक. दुसरे असे, की जपानात रात्री दाखविलेला भाग दुसऱ्या दिवशी अमेरिकेतले शौकीन इंटरनेटवर फुकट पाहू लागले. हौशी मंडळी रातोरात खाली इंग्रजी ओळी बसवून देत. अधिकृत तबकडी वर्षा-दोन वर्षांनी दुकानात येणार. तोवर कोण थांबतो? गंमत अशी, की या फुकट्यांच्या गोतावळ्यातूनच उद्याचा व्यापारी निघाला. ‘क्रंचीरोल’ हे संकेतस्थळ २००६ साली अशाच बिनपरवाना भागांवर उभे राहिले. २००९ सालापासून त्याने रीतसर हक्क विकत घेऊन भाग दाखविण्यास सुरुवात केली आणि २०२१ साली सोनी कंपनीने ते सुमारे ११७ कोटी ५० लाख डॉलर मोजून खरेदी केले.

आपल्या देशाचाही या कहाणीत एक अध्याय आहे, आणि तो रामायणाचा आहे. युगो साको या जपानी गृहस्थाला रामकथेने वेड लावले. आपल्याकडचे नामवंत चित्रकार राम मोहन यांना साथीला घेऊन त्यांनी ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा चित्रपट १९९२ साली पुरा केला. पण परदेशी माणसाने रामकथा चितारावी, यावर आक्षेप घेतले गेले. त्यात अयोध्येच्या प्रकरणाने देश पेटलेला. चित्रपट धड थिएटरांत लागलाच नाही. पुढे टेलिव्हिजनवर मुलांनी तो डोळे भरून पाहिला, आणि देशभरच्या चित्रपटगृहांत तो झळकला २४ जानेवारी २०२५ रोजी! साकोही तोवर हयात नव्हते, राम मोहनही नव्हते.

आता दिवस पालटले आहेत. जपानी ॲनिमेशन संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली परदेशची बाजारपेठ प्रथमच घरच्या बाजारपेठेच्या पुढे गेली. २०२३ साली एकूण सुमारे ३ लाख ३४ हजार कोटी येनांपैकी १ लाख ७२ हजार कोटी परदेशातून आले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’ मालिकेचा चित्रपट अमेरिकेत लागला आणि पहिल्या तीन दिवसांतच त्याने सुमारे ७ कोटी डॉलर मिळविले. आपल्याकडेही तो त्याच महिन्यात लागला. मुटक्याला आता कोणी डोनट म्हणत नाही.

मग बागाईतदाराचे काय? येथेच कहाणी कडू होते. जपानात बहुतेक मालिकांसाठी एक ‘निर्मिती समिती’ बनते. वाहिनी, पुस्तक-प्रकाशक, खेळणीवाला, गाण्यांचा कारखानदार असे सारे भांडवल घालतात आणि हक्कांचे वाटेकरी होतात. प्रत्यक्ष चित्रे काढणाऱ्या स्टुडिओला ठरलेली मजुरी मिळते. ज्या स्टुडिओने भांडवलात वाटा घातला त्याला नफा. ज्याने नाही घातला, त्याचा चित्रपट सातासमुद्रापलीकडे गाजला तरी त्याच्या पदरी वाढीव येन पडत नाही. आणि त्या स्टुडिओतला नवशिका चित्रकार? त्याला बहुधा चित्रामागे मजुरी. ती इतकी बेताची, की टोकियोसारख्या शहरात खोलीचे भाडे भरताना त्याच्या नाकी नऊ येतात. २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कविषयक गटानेही आपल्या अहवालात या कामगारांच्या हलाखीची नोंद घेतली.

तेझुकाने खोट खाऊन घातलेला पायंडा साठ वर्षांनंतरही पुरता पुसला गेलेला नाही. गिऱ्हाईक मिळविण्याचा प्रश्न जपानने सोडविला. मिळालेला पैसा वाडीपर्यंत पोचविण्याचा अजून सोडविलेला नाही. आणि चित्रकाराने कंटाळून कुंचला खाली ठेवला, तर समितीला भांडवल पुष्कळ असेल, पण पडद्यावर हलणार काय?

तेव्हा या दिवाळीत पोरे पडद्यासमोर बसली, तर त्यांना लगेच उठवू नका. गोष्ट संपल्यावर बारीक अक्षरांत झरझर नावे जातात, ती सरेपर्यंत त्यांच्याबरोबर बसा. ती नावे आपल्याला वाचता येणार नाहीत. पण हे सारे कोणीतरी हाताने काढले आहे, एवढे जरी पोरांना समजले, तरी चोरीचा भाग फुकट पाहताना त्यांचे बोट क्षणभर थबकेल.